प्रत्यक्ष श्रवणातून ओळख : महाराष्ट्रातील स्वतंत्र रॉक बँड, मैदाने आणि महोत्सव

प्रस्तावना

ज्या कलावंताची ध्वनिमुद्रिका निघालेली नाही, ज्याचे गाणे आकाशवाणीवर लागत नाही आणि चित्रपटसृष्टीशी ज्याचा काडीचा संबंध नाही, त्याची श्रोत्याशी ओळख होते तरी कशी? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार जुने आहे : श्रोता जिथे जमतो तिथे कलावंताने जायचे. कीर्तनकाराने तेच केले, शाहिराने तेच केले, तमाशाच्या फडानेही तेच केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-पुण्यात उभ्या राहिलेल्या स्वतंत्र रॉक बँडांनाही याच मार्गाने जावे लागले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द मर्यादित अर्थाने वापरला आहे. स्वतःची गाणी स्वतः रचणारा, चित्रपट वा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या आश्रयाबाहेर राहून ती सादर करणारा गट म्हणजे स्वतंत्र बँड. तरुण मंडळी त्यालाच ‘इंडी’ म्हणतात.

कराडला लागून असलेल्या मलकापुरात बसून रॉक संगीताच्या इतिहासावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. हा विषय दक्षिण मुंबईतील इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी केलाच होता. संबंध आहे, आणि तो सातारा-सांगलीच्या मातीतूनच नीट दिसतो, असे मला वाटते. म्हणून आरंभ इथूनच करतो.

फड, जत्रा आणि सुपारी

पठ्ठे बापूराव, म्हणजेच श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. जन्म १८६६, निधन १९४५. ब्राह्मण कुटुंबातील हा माणूस तमाशाच्या फडात गेला आणि पुढे मुंबईच्या रंगमंचावर गाजला. त्यांची रचना लोकांनी आधी कानांनी ऐकली, पुस्तकात ती मागाहून आली. मिरज तालुक्यातील कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू, यांची कीर्तीही जत्रेच्या मैदानावरच पसरली. एका गावच्या यात्रेत वग पाहिलेला पाव्हणा आपल्या गावच्या पंचांना सांगे, पंच पुढच्या वर्षी त्याच फडाला सुपारी देत. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव आणि आपल्याकडील विटा येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे येऊन तारखा ठरवतात. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास या व्यवहाराला ऐन भर येतो. एका अर्थी हा कलावंत निवडीचा बाजारच होय. पण त्या बाजारातील भाव मैदानावर ठरलेला असतो.

मोठ्या जत्रेत एकाहून अधिक फड उतरत. एका कनातीतून ढोलकीचा कडकडाट, तर पलीकडच्या तंबूतून गवळणीचे सूर. तिकीट काढून ज्याच्यासाठी आलो तो फड सोडून प्रेक्षक शेजारच्या नव्या फडाकडे वळू शके, आणि वळतही असे. नवा फड नावारूपाला येण्याची खरी जागा ही होती. पुढे रॉक महोत्सवांचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

अभिजात संगीताचेही फारसे वेगळे नाही. खटाव तालुक्यातील औंध येथे पंडित अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये संगीत महोत्सव सुरू केला. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ पासून सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव चालविला. नामवंत ऐकायला आलेल्या श्रोत्याच्या कानावर अनोळखी तरुण गायक पडावा, ही योजना या महोत्सवांत असते आणि कित्येकांची कारकीर्द तेथूनच मार्गी लागली. तात्पर्य, महोत्सवातून नवे नाव हाती लागणे ही परंपरा आपल्याला अनोळखी नाही. रॉक मंडळींनी ती बाहेरून आणली, हा समज अर्धाच खरा आहे.

सिगारेटचा आश्रय

१९६० च्या दशकात मुंबईत बीट गटांची लाट आली. चर्चगेट परिसरातील उपाहारगृहे, महाविद्यालयांचे मेळावे आणि हॉटेलांतील नृत्यशाळा ही त्यांची ठिकाणे. यांतील बहुतेक गट परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला करीत. श्रोत्यांची मागणीच तशी होती, आणि परदेशी तबकड्या मिळणे दुर्मीळ असल्याने नकलेलाही किंमत होती. या काळातील ठळक घटना म्हणजे सिमला नावाच्या सिगारेटच्या प्रचारासाठी भरविली जाणारी अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा. देशभरातील गट तिच्यात उतरत, मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात अंतिम फेरी रंगे. निवडक गटांच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन तबकड्या निघाल्या. त्या काळच्या कित्येक गटांचा आवाज आज केवळ या दोन तबकड्यांमुळे ऐकता येतो. ज्यांचा तेथे समावेश झाला नाही, त्यांचा आवाज हरपला. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळील मळवली येथे ‘स्नेह यात्रा’ हा उघड्यावरचा रॉक महोत्सव झाला. अमेरिकेतील वुडस्टॉकला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. नावातील ‘यात्रा’ हा शब्द आयोजकांना सहज सुचला असावा, पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे सहज पाहू नये.

ध्वनिमुद्रण आणि मंच यांच्यातील अंतर किती होते, याचे उत्तम उदाहरण ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या गटाचे. १९७० च्या दशकात हा गट मंचावर गाजला. त्याची ‘ऑब्सेशन ७७’ ही तबकडी मात्र १९८१ मध्ये, गट विखुरल्यानंतर बाजारात आली. पुढे ती परदेशी संग्राहकांच्या हाती पडली आणि २०११ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने तिचे पुनर्मुद्रण केले. म्हणजे ज्या शहराने हा गट ऐकला त्या शहराकडे आठवण होती, तबकडी नव्हती; आणि ज्यांच्याकडे तबकडी होती त्यांनी तो गट कधी पाहिलाच नव्हता.

मराठी वाचकाला या पिढीतील जवळचे नाव म्हणजे नंदू भेंडे. आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव त्या काळातील रॉक गटांतून गात. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडासची भूमिका गाजविली. चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, पुण्याच्या थिएटर अकादमीने पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली मंचावर आणले. त्यात अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. मूळ ब्रेख्टचे नाटक, रूप तमाशाचे, आणि कंठ रॉक गायकाचा. या तीन धारा मराठी रंगमंचावर एकत्र आल्या, तरी त्या संगमातून मराठी रॉकची अखंड परंपरा काही निर्माण झाली नाही. याचे कारण माझ्या मते असे की, नाटकाला प्रयोगांची साखळी होती, नाट्यगृहे होती, व्यवस्थापक होते. बँडाला यांपैकी काहीही नव्हते.

रंगभवन

मुंबईत धोबी तलावाजवळ, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह आहे. डोक्यावर आकाश, समोर पायऱ्यांची बैठक. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या ‘जाझ इंडिया’ संस्थेने भरविलेल्या पहिल्या जाझ यात्रेसाठी सनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईत आला होता. (येथेही पुन्हा ‘यात्रा’च!) ही यात्रा ज्या मंचावर रुजली, त्याच मंचाशी पुढे रॉकचे नाते जडले. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाचे निमित्त साधून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केले. पुढे ‘आय-रॉक’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले आणि रंगभवन म्हणजे रॉकचे देऊळ अशी ख्याती झाली. ऑगस्टचा महिना, म्हणजे ऐन पावसाळा. भर पावसात उघड्यावर बसून गाणे ऐकणारा श्रोता हौशा-नवशा नसतो.

या काळातील सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणजे नकलेकडून स्वतःच्या रचनेकडे झालेली वाटचाल. १९८४ च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या गटाने, ज्यात महेश तिनईकर, उदय बेनेगल, मार्क सेल्विन हे वादक-गायक होते, आपली इंग्रजी गाणी मंचावर म्हणण्याचा आग्रह धरला. ओळखीची परदेशी गाणी ऐकायला आलेल्या श्रोत्यांसमोर हे धाडसच होते. १९८८ मध्ये त्यांची ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही पहिली ध्वनिफीत निघाली. म्हणजे आधी मंच आणि मग फीत, हा क्रम येथेही दिसतो. १९९३ मध्ये गटाने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, उपग्रह वाहिन्यांमुळे तो घराघरांत पोहोचला आणि १९९७ मध्ये थांबला. (२०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह त्याने काढला.) त्यानंतरच्या पिढीतील मुंबईचे ‘पेंटाग्राम’ आणि ‘झीरो’, दिल्लीचे ‘परिक्रमा’ या गटांचे श्रोतेही प्रामुख्याने अशाच मंचांवर घडले. ‘परिक्रमा’ने तर आपली गाणी श्रोत्यांना फुकट उपलब्ध करून दिली आणि मंचावरील प्रयोगांवरच आपला प्रपंच चालविला. आमच्याकडच्या फडमालकाला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

रंगभवनाच्या जोडीला महाविद्यालयीन महोत्सव होते. मुंबईच्या आयआयटीतील ‘मूड इंडिगो’मध्ये ‘लाइव्हवायर’ ही बँडांची स्पर्धा होते आणि तिच्यातून नवे गट पुढे येतात. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव जोडीला आला. प्रत्यक्ष मैफलीला पोहोचू न शकणाऱ्या लहान शहरांतील मुलांना कोणता बँड कोठे वाजला हे या नियतकालिकामुळे कळू लागले. तरीही वाचणे हे ऐकण्याची जागा घेऊ शकत नाही. ते फक्त भूक वाढवते.

रात्रीचे दहा

१४ फेब्रुवारी २००० रोजी केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम लागू केले. रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो, आणि उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धकाला मनाई असते. २००२ मधील दुरुस्तीने राज्य शासनाला वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १० ते १२ अशी सवलत देण्याची मुभा दिली. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले.

रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, जवळच रुग्णालये. शांतता क्षेत्राच्या अंमलबजावणीसाठी उच्च न्यायालयाने कडक भूमिका घेतल्यानंतर २००३ च्या सुमारास तेथील संगीताचे कार्यक्रम बंद पडले. आय-रॉक अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर गेले, २०१३ पर्यंत चालले आणि मग खंडित झाले.

रुग्णाच्या झोपेपेक्षा गिटार महत्त्वाची, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. नियम रास्त होता. मात्र एक जागा बंद करताना तिच्या तोडीची दुसरी जागा शासनाने वा महापालिकेने उभी केली नाही, आणि त्याची किंमत सर्वांत जास्त अनोळखी कलावंताने मोजली, हे नोंदविणे इतिहासाचे काम आहे. मोठा कलावंत बंदिस्त सभागृहाचे भाडे भरू शकतो. ज्याचे नाव अद्याप झालेले नाही त्याला उघडे मैदानच लागते.

वेळेच्या मर्यादेचा परिणाम याहून सूक्ष्म आहे आणि तो तमाशाच्या उदाहरणावरून चटकन कळतो. तमाशाचा क्रम ठरलेला : गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि अखेरीस वग. वग हा रात्र चढल्यावर रंगणारा भाग. दहा वाजता ध्वनिवर्धक बंद करायचा म्हटल्यावर वगाला कात्री लागली, आणि फडमालकांनी वेळ वाढवून मिळण्याची मागणी वारंवार केली. सवाई गंधर्व महोत्सवाची रात्रभर चालणारी बैठकही याच नियमामुळे आवरती घ्यावी लागली. रॉक महोत्सवात कात्री उलट्या बाजूने लागते. तेथे नामवंत बँड शेवटी, रात्री वाजवतो आणि नवखे आधी. शेवट दहाला बांधला गेला की आरंभ दुपारी ओढला जातो. परिणामी ज्यांची ओळख व्हायची तेच बँड तीन-चार वाजता, उन्हात, रिकाम्या मैदानापुढे उभे राहतात. तमाशात शेवट कापला गेला, रॉकमध्ये सुरुवात ओसाड झाली. नियम एकच, पण कलाप्रकाराच्या रचनेनुसार त्याचा घाव निराळ्या जागी बसला.

रंगभवन गेल्यानंतरच्या वर्षांत बँडांनी स्वतःच आयोजन हाती घेतले. जुहूचे ‘रॅझबेरी ऱ्हायनॉसेरस’सारखे क्लब हे तेव्हाचे मुख्य आश्रयस्थान. २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ या गटाचे साहिल मखिजा यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली आणि ‘रेझरेक्शन’ नावाचा महोत्सवही भरविला. पुढे २०१० च्या दशकात ‘कंट्रोल ऑल्ट डिलीट’ या मैफलींसाठी श्रोत्यांकडूनच वर्गणी गोळा करण्यात आली. गावच्या जत्रेसाठी घरटी पट्टी काढतात, त्यातलाच हा प्रकार.

महामार्गाचे नाव

डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच ७ वीकेंडर’ भरला. विजय नायर यांच्या ‘ओन्ली मच लाउडर’ या संस्थेचे हे आयोजन. उत्तर-दक्षिण जोडणाऱ्या तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ७ वरून हे नाव घेतले होते. पुण्याहून मलकापूरवरून जाणारा महामार्ग तेव्हा ४ क्रमांकाचा होता, आता तो ४८ झाला आहे. गमतीने सांगायचे तर या महोत्सवाला जाण्यासाठी आमच्या मुलांना एका महामार्गावरून दुसऱ्यावर जावे लागे.

या महोत्सवाचे वेगळेपण त्याच्या मांडणीत होते. एकाच आवारात अनेक मंच आणि त्यांवर एकाच वेळी चालणारे कार्यक्रम. श्रोता एका मंचावरून दुसऱ्याकडे निघाला की वाटेत तिसऱ्याच बँडाचे सूर कानी पडत आणि पाय थबकत. रंगभवनात सर्वांना एकाच दिशेने तोंड करून बसावे लागे, तेथे नवखा बँड श्रोत्यांवर लादला जाई. येथे तो वाटेत भेटे. जत्रेतील शेजारशेजारच्या कनातींचे वर्णन आधी केले आहे, त्याची ही आधुनिक आवृत्ती होय. पुढे दिल्ली, बंगळूर, कोलकाता आणि मेघालयातही हा महोत्सव भरू लागला.

एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. १९७० मध्ये आश्रयदाता सिगारेटचा होता, २०१० मध्ये ‘वीकेंडर’च्या आधी नाव लागले ते बकार्डी या मद्याचे. राजाश्रय नाही, चित्रपटाचा आश्रय नको, म्हटल्यावर जाहिरातीची उघड वाट ज्यांना बंद आहे किंवा आकसत आहे अशा उत्पादनांचा पैसा संगीताकडे वळतो. त्यात बँडांचा दोष फारसा नाही, पण तिकिटाची किंमत, आवाराचे वातावरण आणि तेथे कोणाला मोकळे वाटेल हे त्यातून ठरत गेले. तालुक्याच्या गावातून आलेल्या, इंग्रजीत अवघडणाऱ्या मुलामुलींसाठी हे प्रवेशद्वार अरुंदच राहिले. जत्रेच्या मैदानाला दार नसते, हा फरक मोठा आहे. संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमच्या साथीने गाणारा ‘अभंग रिपोस्ट’सारखा मुंबईचा गट अलीकडच्या वर्षांत पुढे आला, तेव्हा भाषेचा अडसर थोडा हलला. अभंग पाठ असलेल्या श्रोत्याला येथे रचना नवी नसते, तिचा पेहराव नवा असतो, आणि ओळखीची सुरुवात त्यामुळे सोपी होते.

साधनांचा प्रश्न

या विषयावर काम करणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती साधनांची उणीव. पत्रके, तिकिटे, भिंतीवरचे फलक, श्रोत्यांनी केलेल्या कॅसेटी, महाविद्यालयांच्या वार्षिकांतील छायाचित्रे, एवढाच ऐवज. तोही खासगी कपाटांत. नाटकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून सापडतात. दुपारी तीन वाजता वाजविणाऱ्या बँडाचे नाव जाहिरातीत बहुधा नसतेच. तमाशाच्या फडांच्या सुपारीच्या वह्यांचे काय झाले, हा प्रश्नही याच जातीचा आहे. आंतरजालावर आता हजारो गाणी सहज मिळतात. आमचे विद्यार्थी भ्रमणध्वनीवर नवे बँड शोधतात. परंतु ते गाणे कोणत्या मैदानावर, कोणासमोर घडत गेले, हे त्या पडद्यावर दिसत नाही.

नऊ वर्षांच्या खंडानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडिपेंडन्स रॉक मुंबईत पुन्हा भरले. १९८६ मध्ये विशीत असलेला श्रोता तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने या श्रोत्यांच्या मुलाखती घेणे अद्याप शक्य आहे, आणि त्या घेताना बँडवाल्यांपेक्षा आधी श्रोत्यांना गाठावे, असे सुचवावेसे वाटते. त्यांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. त्या दिवशी तिकीट कोणासाठी काढले होते, किती वाजता आत गेलात, पहिला बँड कोणता वाजत होता, आणि घरी परतताना ओठांवर कोणाचे गाणे होते.